विटका काळा

फोटोतला काळा विटका करणं म्हणजे त्यातल्या सर्वांत गडद जागेला शून्यापर्यंत पोचू न देणं. आठ बिटांच्या फोटोत प्रत्येक बिंदूचा उजळपणा 0 ते 255 असा मोजतात. 0 म्हणजे काळाकुट्ट. हा 0 उचलून वीस-पंचविशीच्या घरात नेला आणि त्यातला रंग काढून घेतला, की काळ्याचा काळसर राखाडी होतो. आकडा मोठा वाटला तरी उजेड फारसा वाढत नाही. 25 ही पातळी पडद्यावरच्या शुभ्र पांढऱ्याच्या जेमतेम एक टक्का उजेड देते. डोळ्याला मात्र गडद भागातला एवढासा फरकही लगेच जाणवतो.

रत्नागिरीत हा काळा मुद्दाम शोधावा लागत नाही. मांडवीचा किनारा वाळूच्या रंगामुळे काळा समुद्र म्हणून ओळखला जातो. रत्नदुर्ग किल्ल्याच्या पलीकडे आहे तो पांढरा समुद्र. या पट्ट्यातल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही जड खनिजं असतात. पावसाची सर ओसरल्यावर मांडवीच्या ओल्या वाळूत उभं राहून रत्नदुर्गाकडे पाहिलं, तर एकाच दृश्यात काळ्याच्या पायऱ्या दिसतात. पायाशी काळीशार वाळू. थोड्या अंतरावर शेवाळलेले दगड, किंचित फिके. आणि मागे गडाचा डोंगर, निळसर राखाडी. त्या डोंगराच्या कपारी जवळून पाहिल्या तर वाळूइतक्याच काळ्या असतात. त्यांचा काळा विटवते ती मधली दमट हवा. हवेतले पाण्याचे आणि मिठाचे बारीक कण आभाळाचा उजेड विखुरतात आणि तो उजेड लांबच्या काळ्यावर चढतो. जसजसं अंतर वाढतं तसतसा वस्तूकडून येणारा उजेड घटतो आणि हवेचा वाढतो. जर्मन शास्त्रज्ञ कोशमीडर यांनी 1924 साली हे गणितात मांडलं.

एडिटिंगमधला चांगला विटका काळा या हवेशी इमान राखतो. तयार प्रीसेट सगळ्या फोटोतला काळा एकाच मापाने उचलतात. मग पावसाळी किनारा पावसाळी न दिसता धूळ बसलेल्या काचेतून पाहिल्यासारखा दिसतो.

सुरुवात रॉ फाइलपासून करावी. चौदा बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक बिंदूसाठी 16,384 पातळ्या असतात, आठ बिटांच्या जेपेगमध्ये 256. जेपेगचा काळा ताणला की सावलीत पट्टे उमटतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, काळा उचलल्याने हरवलेला तपशील परत येत नाही. होडीत टाकलेल्या जाळ्याच्या घड्या फोटो काढतानाच शून्यात बुडाल्या असतील, तर एडिटिंगनंतर तिथे राखाडी डाग तेवढा उरेल. म्हणून आधी शॅडोज स्लायडरने घड्या उघडून घ्याव्यात आणि मगच कर्व्हला हात लावावा.

कर्व्हच्या तिरक्या रेषेचं डावं खालचं टोक सरळ वर न्यायचं, 0 वरून 25 वर. ब्लॅक्स स्लायडरने हे काम नीट होत नाही. तो गडद छटा हलवतो, पण निखळ काळ्याला राखाडी करेलच असं नाही. टोक वर गेलं की सगळाच फोटो फिकट होऊ लागतो, म्हणून 60 च्या आसपास दुसरा बिंदू ठेवून रेष मूळ जागी आणायची. आता 0 ते 60 मधली सगळी सावली 25 ते 60 या अरुंद जागेत दाटीने बसते. जाळ्याच्या घड्यांमधला उठाव इथेच कमी होतो, आणि आधी उघडलेला तपशील इथेच कामी येतो.

रंग काढणं हे जास्त नाजूक काम. ढगाळ उजेडात सावल्या निळसर असतात. काळा उचलताच तो निळा आणि सेन्सरचा रंगीत नॉइज दोन्ही वर येतात. त्यावर संपूर्ण फोटोचं सॅच्युरेशन खाली आणणं हा उपाय नव्हे, कारण त्यात सर्वांत आधी जांभ्याचा बळी जातो. पावसात भिजलेला जांभ्याचा गडगा गडद तपकिरी असतो. त्यातला तांबूसपणा गेला की तो सिमेंटचा दिसतो आणि फोटोतलं कोकणच निघून जातं. म्हणून फक्त गडद छटांवर मऊ कडेचा मास्क घालून तिथलं सॅच्युरेशन निम्म्यावर आणावं आणि नारिंगी-तांबडा त्यातून वगळावा. कोकणातला पावसाळी हिरवाही भडक असतो. त्यातला पिवळा थोडा उतरवला की विटका काळा त्याच्या शेजारी उपरा वाटत नाही. निळ्या चॅनेलचं टोक इतरांपेक्षा दोन-तीन अंशांनी वर ठेवलं तर काळ्यात गारवा येतो, खाली ठेवलं तर ऊब. दमट घरात जुन्या कृष्णधवल प्रिंटमधली चांदी गंजून काळा तपकिरी पडतो; तशी छटा हवी असेल तर ऊब.

शेवटी अंतर. क्षितिजापासून वर ग्रेडियंट मास्क टाकून डीहेझ उणे दहा-पंधरावर न्यावा आणि पायाजवळच्या वाळूत उलट काळा थोडा परत आणावा. आयड्रॉपरने मोजल्यावर वाळूत 10-12, दगडांत 20-25 आणि डोंगराच्या कपारीत 45 च्या वर आकडे आले, तर हवा जुळली.

ओलेड पडद्याच्या फोनवर 0 ला बिंदू पूर्ण विझतो, त्यामुळे उचललेला काळा तिथे लगेच ओळखू येतो. लॅपटॉपवर खिडकीचा उजेड पडला तर तो दिसतही नाही. फोटो मॅट कागदावर छापायचा असेल, तर कर्व्हचं टोक जवळजवळ 0 वर परत न्यावं. मॅट कागदाचा सर्वांत गडद काळा मुळातच पडद्यावरच्या चाळिशीतल्या पातळीइतका फिका असतो. तिथे विटवण्याचं काम कागद स्वतःच करतो.