डोळ्याचे औषध आणि अहिंसेचा हिशेब

माढ्याच्या पेठेत वर्षानुवर्षे खातेवही लिहिणाऱ्या एखाद्या ज्येष्ठाला मधुमेहामुळे अक्षरे वाकडी दिसू लागतात. दृष्टिपटलाला सूज आढळली, तर नेत्रतज्ज्ञ डोळ्यात इंजेक्शन घेण्यास सुचवतात. बेव्हासिझुमॅब हे त्यांपैकी एक. मूळचे कर्करोगावरील हे औषध म्हणजे एक प्रतिपिंड होय. रक्तवाहिन्यांची गळती घडविणाऱ्या प्रथिनाला ते नेमके पकडते.

सूक्ष्म हिंसेचाही विचार करणाऱ्या घरात साहजिकच प्रश्न येतो, की हे तयार कशातून होते? चिनी हॅमस्टर या लहानशा प्राण्याच्या अंडाशयातून सुमारे सत्तर वर्षांपूर्वी घेतलेल्या पेशींचा वंश आज टाक्यांत वाढतो आणि त्यातून औषध मिळते. त्यासाठी दरवेळी नवा प्राणी लागत नाही. मात्र जमेच्या या बाजूसमोर खर्चाचीही बाजू आहे. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली शोधलेल्या पद्धतीत प्रतिपिंडासाठी उंदराच्या प्लीहेतील पेशी घेतात. पूर्वी अशा पेशी उंदराच्या पोटातच वाढवीत. आता बहुतेक ठिकाणी हे काम काचपात्रात होते. संशोधनातील पेशींना पोषण म्हणून कत्तलखान्यात गर्भस्थ वासराच्या रक्तातून काढलेले सीरम दिले जाते, ही बाब अधिक क्लेशदायक. त्याविना चालणारी पोषकद्रव्ये आज उपलब्ध आहेत. प्राण्याला न टोचता, जनुकांच्या संग्रहातून प्रतिपिंड निवडण्याच्या पद्धतीस २०१८ चे नोबेल मिळाले. म्हणून रुग्णाने दृष्टी गमावण्यापेक्षा समाजाच्या देणग्यांनी या पर्यायांना बळ द्यावे, हे अधिक विवेकाचे.

मानवी पेशींचा मार्ग तर आणखी निर्मळ. दृष्टिपटलाच्या अभ्यासात जगभर वापरला जाणारा एआरपीई-१९ हा पेशीवंश अमेरिकेत १९८६ साली, वाहन अपघातात मृत्यू पावलेल्या एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या डोळ्यांतून मिळाला. त्याचे नाव जगाला ठाऊक नाही. नावातील १९ हा आकडा तेवढा त्याच्या वयाची आठवण ठेवतो. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र असे विविध पेशीवंश जतन करून देशभरातील संशोधकांना पुरवते.

नेत्रदानाची परंपरा जैन समाजात रुजलेली आहे. प्रत्यारोपणास अयोग्य ठरलेले डोळेही कुटुंबाच्या संमतीने संशोधनास उपयोगी पडू शकतात, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि नेत्रपेढीला तत्काळ कळवावे.