प्रोग्रामिंगची पहिली पायरी : मुक्त साधने की मालकी हक्काची?

मार्च २०१३ मध्ये लखनौ येथे उत्तर प्रदेश शासनाने बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना लॅपटॉप देण्याच्या योजनेचा प्रारंभ केला. योजनेचे उद्दिष्ट सुमारे १५ लाख संगणकांचे होते. या संगणकांवर विंडोज आणि उबुंटू लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली शेजारी शेजारी बसविलेल्या होत्या. संगणक सुरू करताच यांपैकी कोणती प्रणाली हवी, हे विद्यार्थ्याला ठरवावे लागे. ज्यांच्या घरात यापूर्वी संगणक नव्हता, अशा असंख्य तरुणांपुढे हा प्रश्न प्रथमच उभा राहिला. प्रोग्रामिंग शिकू इच्छिणाऱ्यांपुढे तो आजही आहे : मुक्त स्रोत साधनांनी शिकावे की मालकी हक्काच्या?

साधनसंच म्हणजे काय?

प्रोग्राम लिहिण्यासाठी केवळ भाषा येणे पुरेसे नसते. लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राला समजेल असे रूपांतर करणारा कंपायलर, वारंवार लागणाऱ्या कामांसाठी तयार लायब्ररी, चुका शोधणारा डीबगर, संपादक आणि माहितीपुस्तिका या साऱ्यांचा मिळून विकाससंच बनतो. मुक्त स्रोत संचाचा मूळ कोड सर्वांना पाहता येतो, बदलता येतो आणि परवान्यातील अटी पाळून इतरांना देता येतो. मालकी हक्काच्या संचात हे अधिकार निर्मात्या कंपनीकडे राहतात.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. 'मुक्त' आणि 'मोफत' हे शब्द समानार्थी नाहीत. अनेक कंपन्या आपली मालकी हक्काची साधने विद्यार्थ्यांना विनामूल्य देतात. मात्र ही सवलत बहुधा शिक्षणापुरती मर्यादित असते. पदवी हाती पडली की तीच साधने विकत घ्यावी लागतात, आणि तोवर हात त्यांनाच सरावलेला असतो.

जुन्या साधनाची किंमत

केवळ सवय म्हणून एखादे साधन स्वीकारल्यास काय होते, याचे उदाहरण भारतीय महाविद्यालयांतच सापडते. बोर्लंड कंपनीचा टर्बो सी++ हा संच १९९० च्या दशकाच्या प्रारंभी आला. त्यानंतर १९९८ मध्ये सी++ भाषेचे आंतरराष्ट्रीय मानक निश्चित झाले. तरीही देशातील अनेक प्रयोगशाळांत पुढे दोन दशकांहून अधिक काळ टर्बो सी++ चालूच राहिला. नव्या संगणकांवर तो थेट चालत नसल्याने त्यासाठी जुन्या डॉस प्रणालीचा आभास निर्माण करावा लागे.

या संचात पूर्णांक दोन बाइट जागा घेतो. त्यामुळे ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या आली की उत्तर चुकते. पडदा पुसण्यासाठी विद्यार्थी जी आज्ञा पाठ करीत, ती भाषेच्या मानकात नाहीच. अशा विद्यार्थ्याचा प्रोग्राम आधुनिक कंपायलरवर चालत नाही आणि नोकरीच्या चाचणीत त्याचा गोंधळ उडतो. वस्तुतः रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला जीसीसी हा मुक्त कंपायलर याच काळात सतत अद्ययावत होत होता आणि तो कोणालाही विनामूल्य उपलब्ध होता.

परवान्यातील बदल

जावाची कथा वेगळा धडा देते. सन मायक्रोसिस्टिम्सने २००६ मध्ये जावा मुक्त करण्याची घोषणा केली आणि त्यातून ओपनजेडीके प्रकल्प उभा राहिला. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. २०१९ मध्ये ओरॅकलने परवाना बदलला आणि जावा ८ च्या नव्या सुधारणा व्यावसायिक वापरासाठी सशुल्क झाल्या. वैयक्तिक वापरावर त्याचा भार पडला नाही. तथापि छोट्या उद्योगांना परवान्याचे कागद नव्याने वाचावे लागले. मुक्त ओपनजेडीके उपलब्ध असल्यामुळे त्यांना पर्याय मिळाला आणि लिहिलेला कोड वाया गेला नाही. मुक्त परवान्याचे खरे मोल हेच : कंपनीचे धोरण बदलले तरी शिकलेली विद्या आणि केलेले काम हाती राहते.

मालकी हक्काच्या साधनांची जमेची बाजू

याचा अर्थ मालकी हक्काची साधने त्याज्य आहेत, असा नव्हे. एकाच वेळी सर्व घटक बसविण्याची सोय, सुबक माहितीपुस्तिका आणि चूक नेमकी दाखविणारा डीबगर यांमुळे नवशिक्याचा आरंभीचा त्रास वाचतो. काही क्षेत्रांत तर दुसरा मार्गच नसतो. आयफोनसाठी अॅप प्रसिद्ध करावयाचे तर अॅपलचा एक्सकोड संच, तो चालविणारा मॅक संगणक आणि वार्षिक ९९ डॉलर सदस्यत्व लागते. उलट अँड्रॉइडची साधने विंडोज व लिनक्स दोहोंवर विनामूल्य चालतात आणि प्ले स्टोअरवरील नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबातील विद्यार्थ्यासाठी हा फरक निर्णायक ठरतो.

दोन्ही गटांमधील सीमारेषाही आता पुसट होत आहे. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये आपल्या डॉटनेट संचाचा गाभा मुक्त करण्याची घोषणा केली. दुसरीकडे, २००५ मध्ये इटलीत जन्मलेल्या आर्डुइनो बोर्डाचा आराखडा मुक्त असला, तरी त्यावरील चिप एका कंपनीच्या मालकीची असते.

अभ्यासक्रमांची दिशा

केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय संगणक प्रणालींसाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. शिक्षणातही तीच दिशा दिसते. लखनौमध्ये केंद्र असलेल्या नाइलिट या राष्ट्रीय संस्थेच्या 'ओ' लेव्हलच्या पाचव्या सुधारित अभ्यासक्रमात लिबरऑफिस, पायथॉन आणि आर्डुइनो यांचा समावेश झाला. उत्तर प्रदेशातील अनेक शासकीय पदांसाठी याच संस्थेचे 'सीसीसी' प्रमाणपत्र मागितले जात असल्याने या बदलाला विशेष महत्त्व आहे.

महाराष्ट्राचे योगदानही उल्लेखनीय आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे सुमारे दहा मिनिटांचे पाठ मराठी, हिंदी व अन्य भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. त्याच संस्थेच्या 'फॉसी' प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे सायलॅब या मुक्त प्रणालीत लिहून सर्वांसाठी खुली केली. इंग्रजीचा अडसर असलेल्या विद्यार्थ्याला मातृभाषेतील असा पाठ महागड्या साधनापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

निवड कशी करावी?

नवशिक्याने प्रथम आपले ध्येय निश्चित करावे. संकेतस्थळे, विदाविश्लेषण वा सर्वसाधारण प्रोग्रामिंग शिकावयाचे असल्यास मुक्त साधनांनी आरंभ करणे श्रेयस्कर होय. विशिष्ट उद्योगात विशिष्ट साधनाची मागणी असेल, तर मूलतत्त्वे पक्की झाल्यावर ते शिकावे. उपलब्ध संगणकाची क्षमता आणि इंटरनेटची स्थिती विचारात घ्यावी, कारण अवजड संच जुन्या संगणकावर शिकण्याचा उत्साहच मारतो. परवाना वाचून सवलत केव्हा संपते, हे पाहावे. लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कंपायलरवर चालवून पाहण्याची सवय लावून घ्यावी. चोरीच्या प्रतीचा मोह मात्र टाळावा. ती बेकायदेशीर तर असतेच, शिवाय तिच्यासोबत व्हायरस येण्याचा धोकाही असतो.

साधने बदलत राहतात. तर्कशुद्ध विचार, समस्येची मांडणी आणि दुसऱ्याचा कोड वाचण्याची क्षमता मात्र टिकून राहते. ज्या साधनाने ही क्षमता वाढते आणि ज्याचा खर्च कुटुंबाला झेपतो, तेच नवशिक्यासाठी योग्य साधन होय.