'दाताची कीड' आणि सहाव्या वर्षी येणारी दाढ



"रोज सकाळी व रात्री दात घासावेत" हे वाक्य आपल्या मुलांना तोंडपाठ असते. परीक्षेत कोणी चुकत नाही. पण पहिली-दुसरीच्या वर्गात मुलांना एकदा "आ" करायला सांगा. कितीतरी जणांच्या मागच्या दाढांवर काळे खड्डे दिसतील. म्हणजे उत्तर पाठ आहे, पण दात काही वाचलेले नाहीत.

मला वाटतं, गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. आपण म्हणतो, "दाताला कीड लागली." मुलांना वाटतं, भेंडीत असते तशी अळी दातात बसली आहे. मोठ्यांनाही तसंच वाटतं, म्हणून तर धुरी देऊन 'कीड पाडून' देणाऱ्यांकडे अजूनही लोक जातात. दातात अळी नसते. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. ते दातांवरच्या चिकट थरात राहतात, आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातले (एनॅमल) क्षार विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू कमी करते, झीजही थोडी भरून काढते. त्याला अर्धा तास तरी लागतो.

आता इथे खरी मेख आहे. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. जेवणाबरोबर एक लाडू खाल्ला तर आम्लाचा हल्ला एकदाच होतो. पण सकाळी चहा-बिस्कीट, शाळेत येताना चॉकलेट, मधल्या सुट्टीत गोळ्या, घरी गेल्यावर पुन्हा बिस्कीट असं झालं की लाळेला काम पुरं करायला वेळच मिळत नाही. बिस्कीट, टोस्ट, वेफर्स दाढांच्या खाचांत चिकटून बसतात, ते वेगळंच. गूळ 'नैसर्गिक' म्हणून सुटत नाही, जिवाणूंना तोही चालतो. शेंगदाणे, फुटाणे, पेरू, काकडी द्या. वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटायची पद्धत तर मला मुळीच पटत नाही. पेन्सिल वाटा की!

वर्गात एक सोपा प्रयोग करा. एक अंडं पाण्यात आणि एक व्हिनेगरमध्ये ठेवा. व्हिनेगरमध्ये लगेच बुडबुडे येतात आणि एक-दोन दिवसांत कवच मऊ पडतं. दात आणि कवच एकाच पदार्थाचे नाहीत, पण दोन्हींत कॅल्शियम असतं आणि आम्लापुढे दोन्ही हरतात. फळ्यावरच्या आकृतीपेक्षा हे मुलांच्या लक्षात राहतं.

पालकांसाठी आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कळतच नाही. "दुधाचीच आहे, पडेल" असं समजून दुर्लक्ष होतं. पण ही कायमची दाढ आहे, ती जन्मभर पुरवायची आहे. तिच्यावर खोल खाचा असतात, तिथे ब्रश नीट पोचत नाही. पहिलीच्या मुलाचं तोंड उजेडात उघडून बघा, प्रत्येक बाजूला मागून मोजा. या खाचा भरून टाकणारा एक साधा लेप (सीलंट) दंतवैद्य लावतात. त्यात दुखत नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तिथे याबद्दल विचारता येते.

आणि दुधाचे दात पडणारच असले तरी दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. त्या किडून लवकर काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि नवे वेडेवाकडे येतात. शिवाय रात्रभर दाढ दुखलेलं मूल सकाळी गणितात काय लक्ष देणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा दातही बघतात. पुढच्या उपचारासाठी दिलेली चिठ्ठी दप्तरात चुरगळून जाऊ देऊ नका. शिक्षकांनी पालकांना फोनच केलेला बरा.

घासण्याबद्दल थोडकंच सांगते. रात्रीचं घासणं चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते. पेस्टच्या पाकिटावर फ्लोराईड लिहिलेलं बघा. १००० पीपीएमच्या आसपास असावं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नको. घासून झाल्यावर थुंकायचं, लगेच खूप चुळा भरायच्या नाहीत. (यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे, तिथे आधी डॉक्टरांना विचारा.) सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात पालकांनीच फिरवावा. मुलाच्या मागे उभं राहून, त्याची मान जरा मागे टेकवून घासलं की मागच्या दाढा दिसतात.

मशेरीचं मात्र स्पष्ट बोलायला हवं. ती भाजलेली तंबाखूच आहे. आजी लावते म्हणून नातही बोट बुडवते, आणि दात स्वच्छ होण्याऐवजी सवय लागते. पालकसभेत हा विषय काढला की बायका आधी हसतात. मग एखादी हळूच विचारते, "बाई, सोडायची कशी?" अशा वेळी उपदेश करू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडण्याबाबत सल्ला कुठे मिळतो ते विचारून ठेवा आणि तिला सांगा.