घरगुती चित्रफितींच्या डीव्हीडीसाठी ध्वनिस्वरूपाची निवड

प्रास्ताविक

२००० नंतरच्या दशकात अनेक मराठी घरांत डिजिटल कॅमकॉर्डर आला आणि मुंज, लग्नकार्य, डोहाळजेवण, क्वचित महाविद्यालयातील निवृत्तिसमारंभही मिनी-डीव्ही फितींवर उतरले. या फिती चालविणारी यंत्रे आता दुर्मीळ होत आहेत. याउलट डीव्हीडी प्लेअर कित्येक घरांत अद्याप टिकून आहे आणि ज्येष्ठांना तो सवयीचा आहे. त्यामुळे फितींवरून डीव्हीडी करून घेण्याचे काम अजून चालते. अशा रूपांतरात सारे लक्ष चित्राकडे असते. ध्वनीसाठी संगणकप्रणालीने जे स्वरूप आपणहून निवडले असेल तेच कायम राहते. वस्तुतः दिवंगत आजीचा चेहरा छायाचित्रांतही सापडतो, परंतु तिने म्हटलेली जात्यावरची ओवी बहुधा त्या एकाच फितीवर असते. प्रस्तुत लेखात ही निवड कोणत्या आधारावर करावी याचा विचार केला आहे.

उपलब्ध स्वरूपे

डीव्हीडी-व्हिडिओच्या मानकानुसार घरगुती कामासाठी तीन स्वरूपे विचारात घ्यावी लागतात : असंपीडित पीसीएम, डॉल्बी डिजिटल म्हणजेच एसी-३, आणि एमपेग लेअर-२. डीटीएस हे चौथे स्वरूप ऐच्छिक असून घरगुती ध्वनिमुद्रणाला त्याचा उपयोग नाही. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीच्या तबकडीवर वरील तिन्हींपैकी कोणतेही एक असले तरी चालते. एनटीएससी पद्धतीच्या तबकडीवर मात्र पीसीएम किंवा एसी-३ यांपैकी एक असणे आवश्यक आहे. अमेरिकेतील मुलाकडे पाठविण्यासाठी एनटीएससी तबकडी तयार केली आणि तीवर केवळ एमपेग ध्वनी ठेवला, तर तेथील प्लेअरवर चित्र दिसेल पण आवाज येईलच असे नाही. पूर्वी डॉल्बीचा परवाना महाग पडत असल्याने स्वस्त प्रणालींत एसी-३ची सोय नसे. एसी-३वरील अखेरचे पेटंट २०१७ मध्ये संपुष्टात आल्यापासून ती अडचण उरलेली नाही. त्यामुळे एमपेग लेअर-२ निवडण्यास आज सबळ कारण दिसत नाही. खरी निवड पीसीएम आणि एसी-३ यांतच करावयाची असते.

जागेचे गणित

एका थराच्या तबकडीची क्षमता ४.७ गिगाबाइट, म्हणजे ४७० कोटी बाइट असते. तीवर दोन तासांचे चित्रीकरण बसवावयाचे झाल्यास चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट वाट्याला येतात. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन वाहिन्यांचा पीसीएम ध्वनी यांपैकी १.५ मेगाबिट घेतो, चित्रासाठी ३.७ उरतात. त्याऐवजी १९२ किलोबिटचा एसी-३ घेतल्यास चित्राला ५ मेगाबिट मिळतात. हा फरक घरगुती चित्रीकरणात विशेष जाणवतो. हातात धरलेला कॅमेरा हलतो, मांडवातील अपुऱ्या उजेडात चित्रात कण दिसतात, आणि अशा चित्राचे संपीडन स्थिर कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रपटापेक्षा कठीण असते. बिट कमी पडले की चेहऱ्यांवर चौकोन उमटतात.

एका तासाच्या तबकडीचे गणित निराळे आहे. चित्राला ७ मेगाबिट आणि ध्वनीला पीसीएमचे १.५ देऊनही जागा शिल्लक राहते, शिवाय १०.०८ मेगाबिटची मानकातील कमाल मर्यादाही दूर असते. तेव्हा तासाभराच्या मजकुराला पीसीएम आणि दीड तासापलीकडच्या मजकुराला एसी-३ हे सर्वसाधारण धोरण योग्य ठरावे. मधल्या पट्ट्यात ध्वनी कशाचा आहे हे पाहावे लागते. बोलणे, हसणे, मंगलाष्टके यांना १९२ किलोबिट पुरतात. टाळ-मृदंगाचे भजन असेल तर पुरतीलच असे नाही, कारण टाळेचा तीक्ष्ण आघात हा कोणत्याही संपीडनाला अवघड जाणारा ध्वनी आहे. अशा वेळी २५६ किंवा ३८४ किलोबिट घ्यावेत, अथवा कार्यक्रम दोन तबकड्यांवर विभागावा. दोन वाहिन्यांच्या ध्वनीचे कृत्रिमरीत्या ५.१ वाहिन्यांत रूपांतर करण्याचा मोह मात्र टाळावा.

मूळ ध्वनीच्या मर्यादा

पीसीएम निवडल्याने मूळ ध्वनी सुधारत नाही. अनेक कॅमेऱ्यांत ध्वनीची मांडणी १६ बिटऐवजी १२ बिटवर ठेवलेली असे. त्या मांडणीत नमुने ३२ किलोहर्ट्झने घेतले जातात आणि १६ किलोहर्ट्झवरील कंपने नोंदलीच जात नाहीत. डीव्हीडीला ४८ किलोहर्ट्झ लागत असल्याने हे रूपांतर संपादनाच्या वेळीच हेतुपूर्वक करून घ्यावे. व्हीसीडीचा ध्वनी ४४.१ किलोहर्ट्झचा असतो. त्यालाही हाच नियम लागू पडतो.

एसी-३ वापरताना एक बारीकशी मांडणी नेहमी नजरेआड होते. संवादाची पातळी सांगणारे एक मूल्य या ध्वनीबरोबर नोंदले जाते. ते उणे ३१ असल्यास प्लेअर आवाजात फरक करीत नाही. अनेक प्रणालींत आधीपासून असलेले उणे २७ तसेच ठेवल्यास आवाज ४ डेसिबलने उतरतो. कुजबूज आणि गलका यांतील अंतर कमी करण्याची जी सोय चित्रपटांसाठी केलेली आहे, तीही बंद ठेवणे बरे. कॅमेऱ्याने चित्रीकरणाच्या वेळी आवाज आपोआप वरखाली केलेलाच असतो. त्यावर पुन्हा तशीच प्रक्रिया झाली, तर दोन वाक्यांमधल्या शांततेत पंख्याची घरघर उसळून येते.

जतनाची प्रत

डीव्हीडी ही पाहण्याची प्रत होय. घरी लिहिलेल्या तबकडीतील रंगद्रव्याचा थर कालांतराने खराब होतो, आणि एसी-३ करताना गाळलेली माहिती पुन्हा मिळत नाही. म्हणून फितीवरील ध्वनी डब्ल्यूएव्ही धारिकेत स्वतंत्रपणे उतरवून ठेवावा. तासाला साधारण ६९० मेगाबाइट लागतात आणि साध्या पेन ड्राइव्हवर कित्येक फितींचा ध्वनी मावतो. संपूर्ण डीव्ही धारिका ठेवणे शक्य असल्यास अधिक उत्तम, मात्र तिला तासाला सुमारे १३ गिगाबाइट लागतात. ज्यांच्या फिती हरवल्या आणि केवळ जुनी तबकडी उरली आहे, त्यांनी तीवरील एसी-३ प्रवाह नव्याने संपीडित न करता जसाच्या तसा संगणकावर उतरवून घ्यावा.