पेटी उघडली, कागद वाचायचा राहिला

आमच्या बेंबळीतल्या भिशीला गेल्या वर्षापासून एक नवा नियम लागलाय. जिच्या घरी भिशी, तिनं चहा-पोहे करायचे आणि बाकीच्यांपैकी एकीनं एखाद्या पुस्तकातली दहा-बारा पानं मोठ्यानं वाचून दाखवायची. सुरुवातीला नाकं मुरडली गेली. आता मात्र पैशांचं पाकीट फुटायच्या आधीच "पुढं काय झालं?" असा प्रश्न येतो.

२० मे २०२५ ला डॉ. जयंत नारळीकर गेले, तेव्हा मी त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी सुचवली. "विज्ञानाचं पुस्तक? आपल्याला झेपायचं का ते?" आमच्या एक काकू म्हणाल्या. त्यांचंही बरोबर होतं. भौतिकशास्त्र म्हटलं की अजूनही अनेकींना दहावीचा पेपर आठवून घाम फुटतो.

म्हणून मी आधी पुस्तकाबद्दल न सांगता नारळीकरांच्या घरातलं एक गुपित सांगितलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हाच जगभर नावाजलेले शास्त्रज्ञ. आपलं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती लिहून काढली पत्नी मंगलाताईंनी, ज्या स्वतः गणितज्ञ होत्या! कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग गुपित फुटलं. हे ऐकल्यावर काकू म्हणाल्या, "मग वाच बाई, माणूस आपल्यातलाच दिसतोय."

कादंबरीची गोष्ट थोडक्यात अशी. एका वैज्ञानिक प्रयोगासाठी जमिनीत खूप खोल खणत असताना एक पेटी सापडते. आपल्या आधी होऊन गेलेल्या, आपल्यापेक्षा कितीतरी पुढारलेल्या एका संस्कृतीनं ती ठेवलेली असते. तिच्यात त्या लोकांचं ज्ञान साठवलेलं असतं. भौतिकशास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ आणि संगणकतज्ज्ञ मिळून त्या पेटीचा अर्थ लावू लागतात. त्या ज्ञानातून एक यंत्रमानव तयार होतो, वामन. पुराणातल्या बटूनं तीन पावलं जमीन मागितली, तशी या वामनाचीही मागणी असते. त्याला स्वतःसारखे आणखी यंत्रमानव घडवायची ताकद हवी असते. आणि इतकी शहाणी ती संस्कृती नष्ट का झाली, हा प्रश्न मात्र मागंच राहिलेला असतो. शेवट सांगत नाही, तो तुम्हीच वाचा.

योगायोग बघा, वामनाचं देऊळ आमच्याच जिल्ह्यात, तेरला आहे. गोरोबाकाकांच्या दर्शनाला आपण सगळ्याच जातो, पण तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ किती जणी नीट बघतात? विटांचं, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोलसर असं हे देऊळ महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या उभ्या वास्तूंपैकी एक. त्रिविक्रम म्हणजे पाऊल उचललेला विराट वामनच. वाचन अर्ध्यावर आलं तेव्हा आम्ही अकरा जणी जीप करून तेरला गेलो.

तेरचं जुनं नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय, की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथून गाड्या भरून कापड भडोचच्या बंदराला जातं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात, शेतात सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात आम्ही मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या बाहुल्या पाहिल्या. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच एक मूर्ती इटलीत पॉम्पेई इथं मिळाली आहे. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचली होती!

"पण हे इतकं जुनं आहे हे कळतं कसं?" आमच्यातल्या एकीनं विचारलं. इथं भौतिकशास्त्र मदतीला येतं. ज्वारीचं ताट शेतात उभं असतं तोवर हवेतला कार्बन घेत असतं. त्यात अगदी थोडा किरणोत्सारी कार्बन असतो. ताट कापलं की घेणं थांबतं आणि आत असलेला तो कार्बन ठरलेल्या गतीनं घटू लागतो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. पेवात राहून गेलेल्या जळक्या दाण्यात किती उरलाय ते मोजलं, की दाण्याचं वय कळतं. विल्यर्ड लिबी यांना या शोधासाठी १९६० साली नोबेल मिळालं. मातीचा कण न् कण खोटं बोलत नाही, एवढंच आम्ही त्यातून घेतलं.

माणसं मात्र गप्प बसतात. आणि घराच्या मातीचं वय सांगायला कुठलंच यंत्र नाही.

परतताना जीपमध्ये मी मैत्रिणींना आमच्या घरातल्या पेटीची गोष्ट सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. जवळच्याच गावात आमचं माहेरचं माळवदाचं घर. देवाच्या कृपेनं माणसं वाचली, पण मागची भिंत पडली आणि बळदातून एक पत्र्याची पेटी बाहेर आली. आत चांदीचे तोडे, वाळे, एक पानदान आणि घडी घातलेला उर्दू कागद. आजी पुढं झाली आणि एवढंच म्हणाली, "ते आपलं न्हाई." पण घर पडलेलं. पुरुषांनी चांदी मोडली, त्यातून पत्रे आले. पानदान तेवढं आजीनं पदराखाली धरलं. कागद कुणी वाचला नाही. कुणाला वाचायचाच नव्हता.

आजी गेली. आईनं ते पानदान आणि कागद माझ्या हाती दिला तो तिच्या शेवटच्या आजारपणात. मी धाराशिवला एका निवृत्त उर्दू शिक्षकांना तो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून सावकाश वाचला. ती एक यादी होती. तोडे दोन, वाळे चार, पानदान एक. खाली लिहिलं होतं, की आम्ही परत येईपर्यंत हे बहिणीकडं ठेवलं आहे. तारीख १९४८ च्या सप्टेंबरातली.

मग आईनं उरलेलं सांगितलं. रझाकारांच्या दिवसांत आमचं कुटुंब जीव मुठीत धरून बार्शीकडं गेलं, तेव्हा शेजारच्या मुसलमान बाईनं आमची गुरं सांभाळली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झालं आणि फासे उलटले. त्यानंतरच्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीनं सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला जिल्हा मोजला आहे. शेजारीण पेटी आजीकडं देऊन गेली. परत आली नाही. आजीनं पंचेचाळीस वर्षं त्या भिंतीला दरवर्षी स्वतः हातानं पांढरी माती लावली, दुसऱ्या कुणाला लावू दिली नाही.

जीपमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकूच म्हणाल्या, "त्या पुस्तकातल्यांनी तरी दुसरं काय केलं गं? आतलं कामाला आलं, पण कुणाचं, कशापायी ठेवलेलं, ते इचारायचं राहिलं."

मैत्रिणींनो, मी कादंबरी दोनदा वाचली होती, पण हे मला सुचलं नव्हतं. पुरून ठेवलेली वस्तू सापडणं सोपं असतं. तिच्यासोबतचा कागद वाचणं अवघड, कारण मग आपल्यावर काहीतरी देणं लागतं. मी त्या कुटुंबाचा शोध घेतला. आजूबाजूची गावं, हैदराबादकडं गेलेली नाती, जमेल तिथं विचारलं. अजून कुणी सापडलं नाही. पानदान माझ्या कपाटात आहे. यादीचं मराठी करून मी ते त्याच्यातच ठेवलंय आणि माझ्या मुलीला सगळं सांगितलंय. मोडलेल्या चांदीचं काय करायचं, यावर भावांशी बोलणं चालू आहे. सोपं जात नाहीये. "इतक्या वर्षांनी कशाला उकरतेस?" हे ऐकावं लागतंच.

कुटुंबाचे असे थर उकलणारी कादंबरी वाचायची असेल, तर भालचंद्र नेमाडे यांची २०१० साली आलेली 'हिंदू' जरूर घ्या. मोहेंजोदडोच्या उत्खननात रमलेला खंडेराव घरी परततो आणि आपल्याच घराण्याचा, गावाचा ढिगारा उपसू लागतो. जाडजूड आहे, पण भिशीत वाटून वाचली तर वर्षभरात होईल. आमची तीच सुरू आहे.

आणि एक करा. घरातल्या आजीजवळ, मोठ्या नणंदेजवळ, एकट्या राहणाऱ्या मावशीजवळ एखाद्या दुपारी निवांत बसा. कपाटातली जुनी वस्तू हातात घ्या आणि विचारा, "हे कुणाचं?" उत्तर लगेच मिळणार नाही. विषय बदलला जाईल, चहा टाकायला उठतील. पुन्हा जा. त्या आहेत तोवर विचारा. माझ्या आजीला मी कधी विचारलंच नाही.