काळ्या पडद्याची कैफियत

चंद्रपूरहून वर्धा नदी ओलांडून, राजुरा मागे टाकून, माणिकगडाच्या डोंगरांच्या दिशेने निघाले म्हणजे गडचांदूर लागते. हा सारा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि त्याचे सरकारी दप्तर उर्दूत चालत असे. पुढे 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, येथल्या भूगर्भातील चुनखडीने 1980 च्या दशकात सिमेंटचे प्रचंड कारखाने ओढून आणले, आणि ज्या गावाला एके काळी तलाठ्याच्या बस्त्यापलीकडे सरकार ठाऊक नव्हते, त्या गावाचे सातबारे, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज आणि बँकेचे हिशेब आता एका काचेच्या चौकटीतून दिसू लागले. कारखान्याच्या नियंत्रण कक्षात सुमारे 1450 अंशांवर धगधगणाऱ्या भट्टीचा अंमलदार भट्टीजवळ उभा नसतो, तो पडद्यासमोर बसलेला असतो. अशा परिस्थितीत सेवा केंद्राच्या दारात रांग लागलेली असावी आणि आतून “भाऊ, डिस्प्लेच नाही येऊन राहिला” असे शब्द यावेत, म्हणजे रांगेतल्या शेतकऱ्याचा तो दिवस बुडालाच.

यापुढे जे घडते तेच या लेखाचे प्रयोजन होय. “पॅनेल गेलं” असा निकाल कोणीतरी सुनावतो, यंत्र कपाटावर चढते, जडवस्तू नोंदवहीत त्याच्यासमोर शेरा पडतो आणि यथावकाश निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो. आरोपीची जबानी न घेता शिक्षा फर्मावण्याचा हा प्रकार आहे. कारण मॉनिटर बंद पडला तरी तो सहसा मुका नसतो. त्याच्या कडेचा लहानसा दिवा, पडद्यावर क्षणभर उमटणारी अक्षरे आणि काळोखाची जात या तिन्ही गोष्टी साक्ष देत असतात, आणि ती साक्ष बाहेरून आत, क्रमाने नोंदवावी लागते.

प्रथम दिवा. तो मुळीच पेटत नसेल तर संशय विजेवर घ्यावा. लाईन गेली नसली तरी एक्स्टेंशन बोर्डाचे ढिले झालेले छिद्र, उंदराने कुरतडलेली तार किंवा मॉनिटरच्या मागे अर्धवट बसलेली पिन यांपैकी एखादा अपराधी तेथेच सापडतो. दिवा पिवळा असेल, अथवा लुकलुकत असेल, तर यंत्र जिवंत आहे, परंतु त्याच्याकडे चित्राचा संकेत पोहोचत नाही. येथे एक कसोटी अशी आहे की तिला ना हत्यार लागते ना खर्च: संगणकाकडून येणारी केबल मागून सोडवावी आणि मॉनिटर चालूच ठेवावा. “नो सिग्नल” किंवा “चेक केबल” अशी पाटी पडद्यावर आली, तर पडदा, त्यामागचा प्रकाश आणि वीजपुरवठा हे तिघेही बहुधा निर्दोष ठरतात. मग तपास केबलीकडे, संगणकाच्या रॅमकडे, किंवा वेगळे ग्राफिक्स कार्ड असताना केबल मदरबोर्डाच्या तोंडात खुपसणाऱ्या इसमाकडे वळवावा. रॅम काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलीच्या खोडरबराने पुसून पुन्हा बसवताच चित्र परत येते, हा अनुभव दुरुस्तीच्या दुकानात इतका नित्याचा आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

चित्र आले, पण रंग बिघडला, तर निदान त्याहूनही सोपे. 1987 साली आयबीएमने प्रचारात आणलेल्या, आणि आमच्या कार्यालयांनी अद्याप न सोडलेल्या, पंधरा पिनांच्या व्हीजीए जोडणीत पहिली पिन तांबड्या, दुसरी हिरव्या आणि तिसरी निळ्या रंगाची असते. घाईघाईने केबल खुपसताना पहिली पिन वाकली की सारा पडदा निळसर-हिरवा दिसतो. ती चिमट्याने हलकेच सरळ केली म्हणजे काम भागते.

आता खरा गुंता. दिवा स्थिर आहे, संगणकाचा आवाज येतो, तरीही पडदा काळा. अशा वेळी खोलीत अंधार करून विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकावा. मेनूची अक्षरे, चिन्हे अंधूक दिसली, तर चित्र शाबूत आहे, फक्त त्याच्या पाठीमागचा प्रकाश विझला आहे. द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाहीत; 1920 गुणिले 1080 या मापाच्या पडद्यावर प्रत्येकी तीन रंगांचे मिळून 62,20,800 सूक्ष्म झरोके असतात, ते केवळ उघडझाप करतात, आणि उजेड मागच्या नळ्यांचा किंवा एलईडींचा असतो. जुन्या मॉनिटरांत या नळ्या पेटविण्यासाठी इन्व्हर्टर नावाची पाटी हजारभर व्होल्टचा दाब निर्माण करते. पडदा दोन सेकंद उजळून विझत असेल, तर ती पाटी, एखादी थकलेली नळी किंवा वीजपुरवठ्यातील कपॅसिटर यांवर संशय घ्यावा.

कपॅसिटरविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण चंद्रपूरच्या हवेचा आणि या बोटाएवढ्या नळकांड्याचा उभा दावा आहे. त्याच्या पोटात द्रव असतो. उष्णतेने तो आटतो, आणि प्रत्येक दहा अंश वाढीमागे आयुष्य साधारण निम्मे होते, हा अभियंत्यांचा सर्वमान्य आडाखा आहे. 105 अंशांवर 2,000 तास टिकणारा कपॅसिटर मॉनिटरच्या पोटात 65 अंशांवर 32,000 तास निघतो, तर 75 अंशांवर 16,000. कार्यालयाचे वर्षाचे 2,400 तास धरले, तर पहिल्याला तेरा वर्षे आणि दुसऱ्याला पावणेसात. जेथे मे महिन्यात पारा 46-47 अंशांपुढे जातो, तेथे हे दहा अंश कोठून आले असे विचारण्याचे कारण नाही. त्यात सिमेंटची धूळ. मॉनिटरला पंखा नसतो. गरम हवा पाठीच्या फटींतून आपसूक वर जाते, आणि त्या फटी करड्या भुकटीने बुजल्या की तोही मार्ग खुंटतो. ही भुकटी ओलावा धरते. पावसाळ्यात तिची पापडी जमते आणि पाटीवर वीज नसत्या वाटेने झिरपू लागते. झाकण उघडल्यावर माथा पुरीसारखा टम्म फुगलेला कपॅसिटर दिसला, तर सहसा अपराधी मिळाला. काही रुपयांचा तसाच नवा, ध्रुव न चुकवता, डाग देऊन बसवला की पडदा उजळतो. मात्र हे काम जाणत्या कारागिराचे आहे. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरात सव्वातीनशे व्होल्ट काही काळ दबा धरून असू शकतात, आणि शाळांच्या अडगळीत अजून सापडणाऱ्या जुन्या पेटीवजा मॉनिटराच्या काचनळीत हा आकडा पंचवीस हजारांच्या घरात जातो. ते झाकण हौसेखातर उघडू नये.

पडद्यावर उभी रेघ आली आणि ती कडेला हलके दाबल्यावर नाहीशी होत असेल, तर काचेच्या कडेची सूक्ष्म जोडणी सुटलेली असते. तेथे मात्र “पॅनेल गेलं” हा निकाल योग्य, आणि दुरुस्तीचा खर्च सहसा नव्या मॉनिटरला टेकतो. फुटलेल्या काचेबद्दल वेगळे सांगायला नकोच.

म्हणून कार्यालयप्रमुखांना आणि सेवा केंद्रचालकांना विनंती एवढीच, की निर्लेखनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी केबल सोडून पाहावी, विजेरी टाकून पाहावी, मॉनिटर भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा आणि त्याच्या पाठीवरची धूळ यंत्र बंद असताना कोरड्या मऊ ब्रशाने काढावी. पाणी शिंपडू नये. या चौकशीतूनही जो मृत ठरेल, तो भंगाराच्या गाड्यावर चढवू नये. जुन्या प्रकाशनळ्यांत पारा असतो, काचनळीत शिसे असते, आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या ग्राहकांनी असा माल केवळ नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांच्याच हवाली करणे बंधनकारक आहे.