लावणी, गणपतीचे कारखाने आणि मुलींची कबड्डी

पेण आणि रोहे तालुक्यांत शाळेचे वर्ष पावसाबरोबर सुरू होते, आणि शालेय क्रीडा स्पर्धांचा मोसमही त्याच पावसात येतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या पायऱ्या. सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. म्हणजे एक सामना हरला की मुलींचे ते वर्ष संपले.

आमच्या मुलींच्या वाट्याला बहुधा कबड्डीच येते. बास्केटबॉलला २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद टणक मैदान हवे, ३.०५ मीटर उंचीवर कडी हवी. कबड्डीला फक्की मारलेल्या रेघा पुरतात. महिलांचे मैदान १२ बाय ८ मीटरचे. एवढी जागा वस्तीतही निघते. आत सात जणी, राखीव पाच. गरिबाच्या मुलीला परवडणारा खेळ म्हणून कबड्डीला कोणी हलके समजू नये. श्वास, धाडस आणि डोके, तिन्ही एकदम लागतात.

खरी अडचण मैदानाबाहेर आहे. सराव जमू लागतो आणि लावणी येते. चिखलात दिवसभर वाकलेली मुलगी संध्याकाळी चढाई काय करणार? लावणी उरकते न उरकते तोच पेण, हमरापूर, जोहे भागातल्या मूर्तींच्या कारखान्यांत रंगकामाची घाई सुरू होते. रोजाचे पैसे घरात लागतात, हे आम्ही नाकारत नाही. पण नेमके त्याच दिवसांत तालुक्याचे सामने लागतात, आणि घरी थांबायला सांगितले जाते ते मुलीलाच. भाऊ मात्र क्रिकेटला मोकळा! नववीत गेली की दुसरे कारण तयार असते : आता मोठी झाली, हाफ पँट घालून कशी खेळेल?

मार्च २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक झाला. भारताने अंतिम सामन्यात इराणला २५-१९ असे हरवले. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या : दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे. राज्य शासनाने तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले. आशियाई स्पर्धांत महिला कबड्डी २०१० साली आली. २०१८ मध्ये इराणने आपल्याला सुवर्णापासून रोखले. २०२३ साली हांगझोऊला तैपेई संघावर २६-२५, अवघ्या एका गुणाने, ते परत मिळाले.

सगळ्याच मुली तिथवर जाणार नाहीत. तरीही तालुक्याच्या पुढे गेलेल्या मुलीच्या हाती काही उरते. ठरलेल्या पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. मात्र प्रस्ताव शाळेमार्फत, मुदतीत जावा लागतो. शासकीय नोकरीत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के जागा २००५ पासून राखीव आहेत. त्याच्या अटी कडक आहेत आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणून मूळ प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत, जातीच्या दाखल्याशेजारी ठेवावे. भिंतीला चिकटवू नये.

आणखी एक. वरचे सामने मॅटवर होतात, आणि मातीत अनवाणी खेळलेली मुलगी तिथे घसरते. बुटांचा खर्च एकट्या घराला जड जातो. वस्तीने वर्गणी काढली तर जमतो. सराव संपताना अंधार पडतो तेव्हा आळीपाळीने एका आईने किंवा बापाने मुलींना घरी आणावे. जुलैत शाळा सरावाची वेळ ठरवील, त्याच दिवशी ही पाळीही ठरवून घ्यावी.